पहिलं नको

२ सप्टेंबर, शनिवार

लिहायला बसले, कारण भांडायला कोणी नाही. ह्यांच्याशी भांडावं तर ह्यांची मराठी भांडणापर्यंत पोचत नाही. "पांघरूण घे", "दार लाव", "पोट बरं आहे का", एवढी उत्तम येते. वडील लवकर गेले, घरात मराठी बोलणारी एकटी आई, त्यामुळे सगळी भाषा तिच्याच तोंडून उचललेली. परवा पायावर पाना पडला तर एवढा सहा फुटी माणूस "अगं बाई!" म्हणून ओरडला. लग्नाआधी फोनवर हे ऐकलं असतं तर मी फेरविचार केला असता. नाही, लग्न केलंच असतं, फक्त मांडवात हसत बसले असते.

हे इथेच जन्मले, इथलेच नागरिक. मी त्यांची बायको म्हणून आलेली, उन्हाळ्याच्या सुरुवातीला, दोन बॅगा आणि एक कुकर घेऊन. आणि आता बातमी: सोमवारपासून मी कॉलेजात! वय विचारू नये. वर्गात सगळ्यांची ताई शोभेन एवढं आहे.

दात बनवायचं शिक्षण आहे. दात काढणारे डॉक्टर वेगळे. त्यांच्यामागे कुठेतरी वर्कशॉपमध्ये बसून कॅपा आणि कवळ्या घडवणारे कारागीर असतात, मला तसं व्हायचंय. तिकडे मी विम्याच्या ऑफिसात शिक्के मारले, पण लहानपणी साबणाच्या वडीतून हत्ती कोरायचे आणि साबण वाया घालवला म्हणून धपाटे खायचे. ते हात इतकी वर्षं नुसते बसून होते.

प्रवेशाच्या खिडकीतल्या माणसाने विचारलं, "दातच का?" आणि माझी दातखिळी बसली. दातांच्याच कॉलेजात! शेवटी हाताने कोरल्यासारखं करून दाखवलं. तो हसला आणि म्हणाला, प्रवेश दिला, पण कच्चा. माझी पदवी वाणिज्याची, म्हणून पहिल्या सत्रात एखाद्या खऱ्या वर्कशॉपमध्ये कामाला जागा मिळवायची, आठवड्यातून एक दिवस तिथे बसायचं. जागा मिळाली तर प्रवेश पक्का, नाही तर सत्र संपलं की घरी. कॉलेजच्या बाईच जागा शोधून देतात म्हणे. मग काय काळजी!

रात्रीच्या जेवणाला ह्यांनी विचारलं, "सोमवारी मी येऊ सोबत?"

मी म्हटलं, "नको हो, तुमचं काम बुडेल."

"बरं," हे म्हणाले आणि नळाचा वॉशर बदलायला उठले.

बरं! माणूस निदान आणखी एकदा तोंडदेखलं तरी विचारतो.

४ सप्टेंबर, सोमवार

गेले, बसले, परत आले, हरवले नाही!

बसस्टॉपवर दोनदा मागे वळून बघितलं. कॉलेजच्या फाटकाशी तिसऱ्यांदा. समोरच्या फुटपाथवर अगदी ह्यांच्यासारखंच जाकीट घातलेला एक उंच माणूस पेपरात डोकं खुपसून उभा होता. क्षणभर बरं वाटलं, मग स्वतःवरच चिडले. इथे सगळ्यांची जाकिटं तशीच असतात.

वर्ग म्हणजे वर्कशॉपच. प्रत्येकाला एक टेबल, त्यावर दिवा, मेण तापवायची छोटी शेगडी, धूळ ओढणारा पाइप. कपाटात प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, सगळे आ वासून. शिकवणाऱ्या बाईंच्या कोपरापर्यंत मेण लागलेलं असतं, म्हणून मी त्यांना मेणाच्या बाई म्हणते, मनात. शेजारच्या टेबलावर एक मुलगी आहे. ती पहाटे बेकरीत काम करून येते आणि दर वाक्यानंतर जांभई देते. तिचं नाव जांभई ठेवलंय. तिला आवडेल असं नाही, म्हणून इथेच.

जबडा उघडझाप करणारं एक बिजागरीचं यंत्र दिलं. वरचे दात वर, खालचे खाली, मध्ये कागद ठेवून चावून बघायचं. मी सगळा वेळ त्याला चावायलाच लावत होते.

घरी आल्यावर सासूबाईंनी सगळं खोदखोदून विचारलं. ह्यांना आज कामावर उशीर झाला म्हणे, लिफ्ट अडकली होती कुठेतरी. लिफ्टा दुरुस्त करणाऱ्यालाच लिफ्टने अडकवलं म्हणून मी खूप हसले. हेही हसले, पण जरा उशिराच.

१५ सप्टेंबर, शुक्रवार

मेणाचा पहिला दात कोरला. वरचा सुळा. सुळा सोपा, नाकासमोर चालतो. पटाशीचे दात दिसायला सरळ पण आतून पसरट, लबाड. दाढा म्हणजे डोंगरदऱ्या.

इथल्या भाषेतली नावं पाठ होईनात म्हणून सगळ्या दातांवर मनात मराठी पाट्या लावल्यात. आज बाईंनी शेवटच्या दाढेचं नाव विचारलं, मला आठवेना, तर मी धीर करून आपल्या अक्कलदाढेचं जसंच्या तसं भाषांतर करून टाकलं. हसतील असं वाटलं होतं. तर त्यांच्याकडेही ती अकलेचीच निघाली! जांभईने टाळी दिली. अक्कल सगळीकडे उशिराच येते म्हणायची.

दिवस इतका छान गेला होता, आणि घरी येऊन चहाने घात केला. ह्यांनी विचारलं, "चहा घेणार?" मी म्हटलं, "नको, असू दे." आणि ह्यांनी खरंच एक कप चहा केला. एक! माझ्यासमोर बसून प्यायले आणि वर विचारतात, "तू गप्प का?"

सासूबाईंचं बघा. "पोळी वाढू?" "नको." "अर्धी घे." "नको हो आई." "अगं घे, दिवसभर उभी असतेस." मग ताटात पोळी पडते. त्यांच्यामुळे माझं पोट भरतं. त्यांच्या पोटच्या मुलात हे का उतरलं नाही, देव जाणे.

१ ऑक्टोबर, रविवार

माझी दाढ वर्गात सगळ्यांत देखणी, असं बाई म्हणाल्या. मग ती यंत्रात बसवून जबडा मिटला, तर बाकीचे सगळे दात अधांतरी. माझी एकटीच समोरच्या दाढेला टेकली होती. "देखणी आहे, पण उंच झाली. हा माणूस जेवणार कसा?" बाईंनी निळा कागद घालून चावायला लावलं आणि जिथे निळं उमटेल तिथे खरवडायला सांगितलं. माझे सुंदर डोंगर मी स्वतःच्या हाताने सपाट केले. वाईट वाटलं आणि मजाही आली. शेवटी जबडा खट्‌कन मिटला तेव्हा जी काही टाळी वाजवली मी, सगळा वर्ग बघायला लागला.

आज सकाळी हे म्हणाले, "तळ्यापर्यंत फिरून येऊ?" ह्यांनी आठवडाभर दुप्पट काम केलंय, डोळे लाल झालेत. म्हणून म्हटलं, "नको, तुम्ही आराम करा." हे थोडा वेळ बूट हातात धरून उभे राहिले. मग एकटेच गेले आणि लगेच परतही आले. फिरायचं नव्हतंच तर विचारलं कशाला?

शिवाय त्यांचं ते "मला तुम्ही म्हणू नकोस" चालूच आहे. "तू अहो म्हणालीस की माझे वडील मागे उभे आहेत असं वाटतं," म्हणतात. मला जमत नाही. जीभ वळत नाही.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

ह्यांनी काही विचारायचंच बंद केलंय. चहा नाही, फिरणं नाही. वागायला चांगले आहेत, तक्रारीला जागा नाही. बस लवकर सुटायला लागली हे मला कळायच्या आत नवं वेळापत्रक फ्रिजवर लागलेलं असतं. कोरायची सुरी बोथट झाली असं सासूबाईंजवळ बोलले, तर सकाळी ती धार लावून ठेवलेली. पण माणसाने तोंडाने बोलायला नको? मला वाटतं, इथे वाढलेल्या माणसाला तिकडून आणलेली बायको जड होत असेल. असो. उद्या उपदाढा आहेत, त्यांची तयारी करायची आहे.

२६ ऑक्टोबर, गुरुवार

मिळाली! म्हणजे मिळालीच म्हणायची!

वर्ग सुटल्यावर बाईंनी मला टेबलाशी थांबवलं. शहरात पोर्सेलीनचे दात भाजणारे एक जुने कारागीर आहेत, मोठं नाव. (मी त्यांना भट्टीवाले म्हणणार.) त्यांना एक शिकाऊ माणूस हवाय. ह्या सत्रात बाईंच्या हातात असलेली ही शेवटची जागा. आणि बाई मला म्हणाल्या, मला! "तू जातेस?"

माझ्या कानातून वाफ निघायची बाकी होती. पण माणसाने हावरटपणा करू नये. मी आपली शहाण्यासारखी म्हणाले, "नको नको, आधी बाकीच्यांना विचारा." आणि मान खाली घालून हसले.

बाई म्हणाल्या, "नक्की?"

मी म्हटलं, "हो हो, नक्की."

"बरं," बाई म्हणाल्या.

आता उद्या पुन्हा विचारतील तेव्हा थोडे आढेवेढे घ्यायचे आणि मग हो म्हणायचं. काय बोलायचं तेही ठरवून ठेवलंय: "तुम्ही एवढं म्हणताच आहात तर." घरी अजून कोणाला सांगितलं नाही. एकदम पक्कं झाल्यावर सांगेन. भट्टी हजार अंशांपर्यंत तापते म्हणे! त्यातून दात निघतो तो काचेसारखा चमकत.

२७ ऑक्टोबर, शुक्रवार

जागा जांभईला दिली.

सकाळी ती माझ्या गळ्यात पडून नाचत होती. मी पण नाचले, काय करणार. दिवसभर बाईंच्या आसपास घुटमळले. त्या माझ्याकडे बघून गोड हसल्या आणि प्लास्टर कालवायला गेल्या. दुसऱ्यांदा विचारलंच नाही. शेवटची जागा गेली. जागा नाही म्हणजे प्रवेश नाही. आता पुन्हा घरात बसून खिडकीतून बस मोजायच्या.

घरी आले आणि चपला काढता काढता रडायलाच लागले. ह्यांनी घाबरून "अगं बाई, काय झालं?" विचारलं, तेव्हा मला रडताना हसूही आलं, ते आणखीच वाईट दिसलं असणार. सगळं सांगितलं.

हे गोंधळले. "पण तू नको म्हणालीस ना?"

"पहिल्यांदा नको म्हणतातच की!"

"का?"

"का म्हणजे? एकदम हो म्हणणं बरं दिसतं का? समोरच्याने आग्रह करायचा असतो. दोनदा, तीनदा. मग आपण घ्यायचं."

"पण हवं असेल तर?"

"हवं असतं म्हणूनच तर नको म्हणायचं!"

हे खुर्चीत बसले. माझ्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "चहासुद्धा?"

"चहाचं काय?"

"चहाला तू नको म्हणायचीस, तेव्हा हवा होता?"

"मग! रोज हवा होता!"

"आणि तळं?"

मला तेव्हा कुठे उजेड पडायला लागला होता.

"आणि पहिल्या दिवशी कॉलेजला?"

"एकटीने जायला घाबरले होते मी!" मी ओरडलेच. "तुम्ही नुसतं बरं म्हणालात!"

हे म्हणाले, "मला वाटलं, तुला मी आसपास नको आहे." एवढं सरळ वाक्य ह्यांनी आजवर मराठीत केलं नव्हतं. माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला आणि मला फार, फार वाईट वाटलं. दोन महिने हा माणूस माझं नको जसंच्या तसं घेऊन बसला होता.

एवढ्यात सासूबाई स्वयंपाकघरातून कणकेचे हात घेऊन आल्या. सगळं ऐकत होत्या. म्हणाल्या, "मी नवीन आले तेव्हा शिवणकामाच्या कारखान्यात होते. तिथे सगळ्या बायका बिस्किटं वाटायच्या. मी नको म्हणायचे, त्या पुढे जायच्या. वर्षभर मी बिस्किटं नुसती बघितली, बरं का."

"मग तू मला का नाही सांगितलंस?" ह्यांनी विचारलं.

"तुला आग्रह केला की तू म्हणायचास, आई कटकट करू नकोस. मला वाटलं, तुला कळतं पण आवडत नाही."

"मला वाटायचं, तुला ऐकू कमी येतं!" हे म्हणाले.

सासूबाईंनी कणकेचा हात उगारला. आम्ही तिघंही हसलो. पण जागा गेली ती गेलीच.

२९ ऑक्टोबर, रविवार

कालपासून हे सगळं तीनदा विचारतात, पण मध्ये श्वासही न घेता. "चहा चहा चहा?" मी म्हटलं, मधे मला नको म्हणायला तरी वेळ द्या. तळ्यावर जाऊन आलो. चार शब्द बोललो असू, पण मजेत बोललो.

हे म्हणतात, बाईंना सरळ जाऊन सांग, मला जागा हवी आहे. जीव गेला तरी हे माझ्या तोंडून निघणार नाही. आरशासमोर करून बघितलं. "मला हवी आहे." अगदी भांडकुदळ बाईसारखं वाटलं. सासूबाई बाहेरून म्हणाल्या, "जरा मोठ्याने, इथपर्यंत आलं नाही."

३० ऑक्टोबर, सोमवार

सांगितलं!

बाई प्लास्टरचे हात धूत होत्या. मी म्हटलं, "मला ती जागा हवी होती." त्या वळल्या. "मग तेव्हा नाही असं का म्हणालीस?" मग मी माझ्या मोडक्यातोडक्या बोलीत सगळं समजावलं. आमच्याकडे पहिलं नाही हे नाही नसतं. दुसरं अर्धं असतं. बाईंनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे खरं नाही कितवं?" मी म्हटलं, "तिसरं. कधीकधी चौथं." त्या हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. "तिच्याकडून मी जागा परत घेऊ शकत नाही."

जांभईपण तिथेच होती. ती म्हणाली, "मी सोडणार नाही. तू नाही म्हणालीस म्हणून मला मिळाली, पण आता माझी आहे." तोंडावर बोलली. मला राग यायला हवा होता. उलट वाटलं, असं बोलता आलं पाहिजे.

मी बाईंना म्हटलं, "मग मला नुसतं त्यांना भेटू द्या." हे कुठून निघालं माहीत नाही. बाईंनी फोन केला. भट्टीवाले म्हणाले, माणूस एकच हवाय, पण शुक्रवारी दोघींनाही पाठवा, हात बघतो.

शुक्रवारपर्यंत रोज एक दाढ.

३ नोव्हेंबर, शुक्रवार

नीट क्रमाने लिहिते, नाहीतर सगळं उडून जाईल.

भट्टीवाल्यांचं वर्कशॉप दुसऱ्या मजल्यावर. पुढच्या खोलीत मोठ्या खिडक्या, पांढरी टेबलं, कोपऱ्यात भट्टी, तिच्या काचेतून केशरी उजेड. म्हातारे गृहस्थ, डोळ्याला भिंग अडकवलेलं, ते काढतच नाहीत. दोघींना मेण दिलं आणि म्हणाले, वरची पहिली दाढ.

मी जीव ओतला. जांभई जांभया देत देत कोरत होती. आटोपल्यावर त्यांनी दोन्ही दाढा यंत्रात घालून चावून बघितल्या. माझी खट्‌कन बसली. तिचीही बसली. मग त्यांनी दोन्ही भिंगाखाली धरल्या आणि म्हणाले, "दोन्ही चालतील. पण भट्टीच्या कामाला वेग लागतो, आणि ही तुझ्या निम्म्या वेळात कोरते. जागा तिची." खरंच होतं. बेकरीत काम करते ती, तिचे हात थांबतच नाहीत.

आभार मानले, सुरी पुसली. निघताना मागच्या खोलीचं दार अर्धवट उघडं दिसलं. आतून उग्र वास येत होता, नेलपॉलिशसारखा. एकटी बाई बसून गुलाबी हिरडीवर दात रोवत होती. मी विचारलं, तिथे काय चालतं?

"कवळ्या," भट्टीवाले म्हणाले. "तिला मदतीला माणूस लागतं, पण त्या वासात कोणी थांबत नाही. शिकणाऱ्यांना सगळ्यांना भट्टीच हवी अस..."

"मला हवी!" मी म्हटलं. "मला ती जागा हवी आहे!"

वाक्यसुद्धा पुरं होऊ दिलं नाही मी. त्यांनी मला विचारलंसुद्धा नव्हतं! म्हाताऱ्यांनी डोळ्याचं भिंग काढलं, पहिल्यांदाच, आणि माझ्याकडे नुसत्या डोळ्यांनी बघितलं. "वास जात नाही कपड्यांचा," म्हणाले. मी म्हटलं, कुकर घेऊन इथवर आलेय, वासाचं काय घेऊन बसलात. ते त्यांना काही कळलं नाही, पण हसले.

शुक्रवार माझा. कवळीच्या खोलीत. जिन्यात जांभईने मला मिठी मारली आणि मध्येच जांभई दिली.

१० नोव्हेंबर, शुक्रवार

कवळीवाल्या बाई दिवसभर चकार शब्द बोलल्या नाहीत. शेवटी माझ्या पुढ्यात एक हिरडी सरकवली आणि पटाशीचे दोन दात दाखवले. मी रोवले. त्यांनी बघितलं, एक उपटला, वाकडा करून परत लावला. म्हणाल्या, "अगदी सरळ दात कोणाचेच नसतात. सरळ लावलेस तर खोटे दिसतील." आयुष्यभर मी शिक्के सरळ मारले! वाकडं लावायला शिकण्यात केवढी मजा आहे.

घरी आल्यावर सासूबाईंनी दारातच नाक दाबलं. हे म्हणाले, मला आवडतो वास. खोटं बोलतात, पण छान बोलतात.

१० डिसेंबर, रविवार

प्रवेश पक्का! बाईंनी काल सही केली. आणि आज कॉलेजात सत्राच्या कामांचं प्रदर्शन होतं, घरच्यांना घेऊन यायचं होतं. माझी अख्खी कवळी मांडलेली, वरची आणि खालची, थोडी वाकडी, अगदी खरी दिसणारी.

सासूबाई सकाळपासून तयार. ह्यांना मी विचारलं, "तुम्ही येताय ना?"

हे म्हणाले, "नको. तुमच्या त्या शिकलेल्या लोकांत मी कशाला? तुम्ही दोघी जा."

आता मी शहाणी झाले होते. कोणी नको म्हटलं की नको, त्याच्या मागे लागायचं नाही, इथलं हे वळण मी पुरतं गिरवलंय. मनातून वाईट वाटलं, पण म्हटलं, "बरं." आणि सासूबाईंना घेऊन निघाले.

बस समोरून येताना दिसत होती. सासूबाई म्हणाल्या, "आज दाढी केलीय त्याने."

"मग?"

"सुट्टीच्या दिवशी तो कधी दाढी करतो? निळा शर्टही इस्त्री केला होता सकाळी. मी म्हटलं, कोणासाठी एवढं? तर म्हणे, उगीच."

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "माझ्याकडे काय बघतेस? पळ. मी बस थांबवून धरते."

पळाले. लिफ्ट यायची वाट न बघता जिन्याने वर गेले, धापा टाकत दार उघडलं. समोरच्या खुर्चीत हे बसलेले. निळा शर्ट, वर जाकीट, पायात बूट, नाड्या बांधलेल्या. किल्ली हातात. माझ्याकडे बघितलं, पण उठले नाहीत.

"अरे, मग चल ना!" मी ओरडले. "बसलायस काय?"

"तू एकदाच विचारलंस," हे म्हणाले.

मग मी उंबऱ्यातच उभी राहून आणखी दोनदा विचारलं, अगदी रीतसर, मध्ये श्वास घेऊन. खाली आलो तेव्हा बस गेली होती, सासूबाईंसकट.